मुंबईची हवा धर्म शिकवत नाही

माझा भाचा दादरच्या ज्या शाळेत आठवीत आहे, तिथं यंदा मूल्यशिक्षणातले काही तास 'जगातील धर्मांची ओळख' या विषयाला द्यायचं घाटत होतं. हिंदू, बौद्ध, जैन, शीख, इस्लाम, ख्रिस्ती, ज्यू, पारशी अशा आठ धर्मांचा उगम, मुख्य श्रद्धा, ग्रंथ आणि सण. परीक्षा नाही, गुण नाहीत. एवढ्यावरून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रान पेटलं आणि शाळेनं प्रस्ताव पुढच्या पालकसभेपर्यंत बाजूला ठेवला. माझ्या धाकट्या भावानं ते सगळे मेसेज मला पुढे पाठवले. मी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात राहते. तिथं कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत मी ते वाचले, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

विरोध करणारे तीन प्रकारचे होते. काही म्हणाले, आपल्या पोरांना आपलाच धर्म धड माहीत नाही, दुसऱ्यांचा कशाला? काही म्हणाले, शाळेत धर्म हा विषयच नको. या दोघांशी वाद घालता येतो. तिसरं म्हणणं खुद्द माझ्या भावाचं होतं, आणि ग्रुपवर त्यालाच सगळ्यात जास्त अंगठे मिळाले. "मुंबईत वाढणाऱ्या मुलाला हे शिकवावं लागतं का? इथं ते हवेतच आहे. शाळेच्या वाटेवर पोर्तुगीज चर्च, पलीकडे पारशी कॉलनीतली अग्यारी, माहीमला दर्गा, चौपाटीला चैत्यभूमी. पोरं आपोआप शिकतात."

मला राग आला तो याचा. हे वाक्य आपल्या सगळ्यांचं लाडकं आहे, म्हणून ते कुणी तपासत नाही.

आपोआप काय शिकलो आपण, ते त्याच ग्रुपवर मागे जाऊन पाहा. मोहरमच्या दिवशी दोघांनी 'हॅपी मोहरम' लिहून फुलांचे गुच्छ टाकले आहेत. इ. स. ६८० मध्ये करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांच्या सोबतचे लोक तहानलेले मारले गेले. मोहरमच्या दहाव्या दिवशी त्याचा शोक करतात, शिया मुसलमान तर छाती पिटून करतात. डोंगरीत तो दिवस काळ्या कपड्यांचा असतो. 'हॅपी गुड फ्रायडे' दरवर्षी येतोच. येशूला क्रुसावर खिळलं तो दिवस, चर्चमध्ये त्या दिवशी मिस्साही होत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा खरा कळस त्यानंतरच्या रविवारी, पुनरुत्थानाच्या दिवशी असतो, आणि मुंबईतल्या बहुतेक हिंदू घरांना नाताळ तेवढा ठाऊक असतो. नवरोजच्या शुभेच्छांसोबत एका बाईंनी धनसाकचा फोटो टाकलाय. पारशी घरात माणूस गेल्यावर चौथ्या दिवशी धनसाक करतात, शुभप्रसंगी तो मुद्दाम टाळतात. ग्रुपवर एक पारशी कुटुंब आहे. त्यांनी नुसते हात जोडले.

यात कुणाचीच वृत्ती वाईट नव्हती. शुभेच्छा मनापासूनच होत्या. पण माहिती नव्हती, आणि वर्षानुवर्षं शेजारी राहून ती आली नाही. आपल्याला शेजाऱ्याचं खाणं माहीत असतं. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर मालपुवा कुठला घ्यायचा, माउंट मेरीच्या जत्रेत मेणाच्या बाहुल्या आणि हातपाय कुठं मिळतात, हे आपण झोपेतही सांगू. तो माणूस दिवसभर पाण्याचा थेंब का घेत नाही, मेणाचा हात का वाहतो, हे आपण विचारत नाही. विचारणं आगाऊपणा वाटतो. आणि अग्यारीत तर पारशी नसलेल्याला पाऊलही टाकता येत नाही. दाराबाहेरून कुठली हवा शिकवणार, की आतला अग्नी अहुर मज्दाच्या प्रकाशाचं आणि पावित्र्याचं रूप म्हणून जपला जातो, आणि प्रत्येक माणसानं सत् आणि असत् यांतून रोज निवड करायची असते ही झरथुष्ट्राची मूळ शिकवण आहे?

इथं लेस्टरमध्ये माझी मुलगी इयर नाइनमध्ये, म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या वर्गात आहे. आरई, म्हणजे 'रिलिजस एज्युकेशन' किंवा धर्मांचा अभ्यास, तिला प्रायमरीपासून आहे. १९४४च्या कायद्यापासून इंग्लंडच्या सरकारी शाळांत हा विषय सक्तीचा आहे, आणि १९८८च्या कायद्यानं सांगितलं की अभ्यासक्रमात ख्रिस्ती परंपरेला मुख्य जागा असली तरी देशातल्या इतर प्रमुख धर्मांची शिकवण आणि आचारही त्यात आले पाहिजेत. अभ्यासक्रम गावोगावी ठरतो. चर्च ऑफ इंग्लंड, इतर ख्रिस्ती पंथ आणि अन्य धर्म, शिक्षक संघटना आणि काउन्सिल, अशा चार गटांची माणसं एका टेबलाशी बसून तो मान्य करतात. ज्या आईबापांना नको असेल त्यांना मुलाला त्या तासातून काढता येतं. माझ्या ओळखीत तसं कुणी केलेलं नाही.

लेस्टरची २०२१ची जनगणना पाहिली तर चौघांत एक ख्रिस्ती, जवळजवळ तितकेच मुस्लिम, १८ टक्क्यांच्या आसपास हिंदू, आणि सुमारे २३ टक्के लोकांनी 'कुठलाच धर्म नाही' असं लिहिलं आहे. अशा शहरात शिक्षकांना सहलीसाठी फार लांब जावं लागत नाही. होली बोन्स या रस्त्यावरचा गुरुद्वारा, हायफील्ड स्ट्रीटचं सिनेगॉग, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जुन्या चर्चच्या इमारतीत उभं राहिलेलं जैन मंदिर, हे माझ्या मुलीनं शाळेबरोबरच पाहिलं. दादरच्या गुरुद्वाऱ्याच्या पुढून मी रोज जायचे. आत मात्र कधी गेले नव्हते. शाळा कधी घेऊन गेली नाही, आणि आपण होऊन जावं असं कुणी सुचवलंही नाही.

मागच्या टर्ममध्ये तिच्या शिक्षिकेनं मला वर्गात बोलायला बोलावलं. पुस्तकातला हिंदू धर्म मला ठाऊक होता: ब्रह्म, त्रिमूर्ती, कर्म, पुनर्जन्म, मोक्ष, दिवाळीला राम-सीता. मी विठोबाबद्दल बोलले. वारी, आळंदी ते पंढरपूर पायी, कमरेवर हात ठेवून विटेवर उभा देव. मुलांनी प्रश्नांचा मारा केला. तो विष्णू आहे की कृष्ण आहे की आणखी कुणी? रखुमाई वेगळ्या देवळात का? पायी चालल्यानं काय मिळतं? मग एका सोमाली मुलानं हात वर केला. अगदी सभ्यपणे त्यानं विचारलं, तुम्ही मूर्तीला देव मानता, की मूर्तीत देव आहे असं मानता? मी त्याला गणपतीचं सांगितलं. शाडूची मूर्ती आणतो, प्राणप्रतिष्ठा करतो, म्हणजे देवाला तिच्यात ये म्हणून बोलावतो. दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस पाहुणचार करतो, मग उत्तरपूजा करून त्याला निरोप देतो आणि मातीची मूर्ती पाण्यात सोडतो. त्यानं ते वहीत लिहून घेतलं. म्हणाला, आमच्यात अल्लाला कशातच दाखवत नाहीत, त्याच्यासारखं काही नाहीच, म्हणून मला हे समजून घ्यायचं होतं.

तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा आणि मी, त्याचा तौहीद, म्हणजे ईश्वर एकच ही श्रद्धा, आणि माझी मूर्तिपूजा, यांच्यात झालं तितकं सरळ बोलणं मी मुंबईत मोठ्या माणसांमध्येही ऐकलेलं नाही. लालबागपासून चालत जाण्याच्या अंतरावर मी लहानाची मोठी झाले. आमच्या मजल्यावर एक बोहरा कुटुंब होतं, आमचे मोदक त्यांच्याकडे आणि त्यांची खीर आमच्याकडे. मूर्तीत देव असतो का, हे त्यांनी आम्हाला विचारलं नाही. त्यांची रोजची नमाज आणि मिसाक, म्हणजे त्यांच्यातली निष्ठेची शपथ, काय असते, हे आम्हीही त्यांना विचारलं नाही. हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तो परक्या शहरात.

भावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मग तुमच्या लेस्टरमध्ये २०२२ला काय झालं?"

आशिया कपातल्या भारत-पाकिस्तान सामन्यानंतर ऑगस्टअखेर सुरू झालेली धुसफूस सप्टेंबरच्या मध्यात रस्त्यावर आली. हिंदू आणि मुस्लिम तरुणांचे जमाव समोरासमोर आले, मोबाइलवर अफवांचा पूर आला. मी लेस्टरमधल्या बेलग्रेव्ह भागाजवळ राहते. त्या शनिवारी आम्ही मुलीला बाहेर सोडलं नाही. त्या जमावातली कितीतरी मुलं इथल्याच शाळांत आरई शिकली असणार. धर्मांची माहिती दिली की दंगल होत नाही, असं मी म्हणतच नाही. जमावाला माहितीशी देणंघेणं नसतं. पण भावानं हा दाखला देताच मीही विचारलं, १९९२-९३ला मुंबईत हवा वेगळी होती का? तेच चर्च, तीच अग्यारी, तोच दर्गा. श्रीकृष्ण आयोगानं ९०० बळी नोंदवले. आमच्या मजल्यावरच्या त्या कुटुंबानं दारावरची नावाची पाटी उतरवून ठेवली होती, आणि ती पुन्हा लागायला कितीतरी महिने गेले. तेव्हा आपण दोघंही शाळेत होतो, तुलाही आठवत असेल, म्हटलं. तो गप्प बसला.

आता शाळेच्या त्या प्रस्तावाबद्दल. मी त्याच्या बाजूची असले तरी 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' या वाक्यानं तो तास सुरू होणार असेल, तर त्याचा उपयोग नाही. हे वाक्य ऐकायला गोड आहे आणि तिथंच कुतूहल संपतं. धर्म एकच सांगत नाहीत. त्यांचे प्रश्नसुद्धा सारखे नाहीत. इस्लामचा पाया एका निराकार ईश्वरापुढची शरणागती हा आहे, आणि पाच स्तंभांमधून, म्हणजे साक्ष, दिवसातून पाच वेळा नमाज, बचतीवर अडीच टक्के जकात, रमजानचे रोजे आणि जमेल त्यानं हज, ती रोजच्या जगण्यात उतरते. ख्रिस्ती माणूस म्हणतो, देव स्वतः माणूस होऊन आला, मेला आणि उठला. इस्लाम येशूला थोर पैगंबर मानतो, पण देवाचा पुत्र मानत नाही. बुद्धानं सृष्टिकर्त्याचा प्रश्नच केंद्रातून काढला. दुःख आहे, त्याला कारण आहे, त्याचा अंत होतो, आणि अंताकडे नेणारा मार्ग आहे. कायम टिकणारा आत्माही नाही. जैनांनाही जगाचा निर्माता मान्य नाही, पण आत्मा मान्य आहे, जीवागणिक वेगळा आणि अनादी. म्हणून त्यांची अहिंसा पाण्यातल्या जीवापर्यंत जाते. बौद्ध आणि जैन एकाच मातीतले, एकाच काळात वाढलेले, आणि आत्म्यावर त्यांचं जुळत नाही. हा फरक आठवीच्या मुलाला समजतो. समजला की शेजारच्या घरात कांदा-बटाटा का येत नाही, हेही समजतं.

'मुख्य श्रद्धा' या मथळ्याबद्दलही माझी तक्रार आहे, आणि ती इथल्या आरईबद्दलही आहे. पुस्तक प्रत्येक धर्माला विचारतं, तुम्ही काय मानता? ख्रिस्ती धर्माला हा प्रश्न छान बसतो, त्यांच्याकडे रविवारी मोठ्यानं म्हणायचा श्रद्धेचा कबुलीजबाबच आहे. आपल्याकडे किंवा ज्यूंकडे आधी आचार येतो. दोन वर्षांपूर्वी गणपतीत आम्ही दादरला होतो. माझ्या मुलीनं आरती झाल्यावर माझ्या आईला विचारलं, "आजी, तुझा या सगळ्यावर विश्वास आहे का?" भावाला ते झोंबलं. आई निरांजनातली वात सारत म्हणाली, "विश्वास कसला बाई, आरतीची वेळ झाली होती." हिंदू घराबद्दल याहून खरं वाक्य इथल्या कुठल्या पुस्तकात मला दिसलं नाही. मुलीनं ते आरईच्या असाइनमेंटमध्ये घातलं, आणि शिक्षिकेनं समासात लिहिलं की अधिक स्पष्ट कर.

म्हणूनच मला वाटतं की दादरची शाळा मनावर घेईल तर हा विषय लेस्टरपेक्षा चांगला शिकवेल. इथल्या अभ्यासक्रमात सहा धर्म ठरलेले असतात. पारशी त्यात नाहीत, जैन क्वचित येतात. बौद्ध धर्मावरच्या माझ्या मुलीच्या पुस्तकात श्रीलंका आहे, तिबेट आहे, जपान आहे, आणि १४ ऑक्टोबर १९५६ नाही. बाबासाहेबांनी नागपुरात लाखो लोकांसह घेतलेली दीक्षा आणि त्या बावीस प्रतिज्ञा नाहीत. भारतातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त महाराष्ट्रात राहतात, आणि ६ डिसेंबरला ती गर्दी माझ्या भाच्याच्या शाळेजवळून जाते. शाळेला त्या दिवशी 'वाहतुकीत बदल' एवढीच सूचना द्यावीशी वाटते. शिखांबद्दल शिकवताना इथं पंजाबपासून सुरुवात होते. दादरला ती आपल्या नामदेवांपासून करता येईल, गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. ज्यू धर्म शिकवायला मशीद बंदरला जावं. तिथलं सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेलं सिनेगॉग १७९६चं आहे, आणि स्टेशनच्या नावातली 'मशीद' त्यावरूनच आली असं मानतात. दिवेकर, पेणकर, केहिमकर अशी आडनावं लावणारे हे बेने इस्रायली कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथ पाळायला शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनवार तेली. एलियाहू पैगंबराच्या नावानं ते पोहे-नारळाचा मलिदा करतात. एका देवाशी केलेला करार, तोराह, शब्बाथ ही ज्यू धर्माची तिन्ही अंगं मराठी बोलणाऱ्या घरातच सापडतात. माहीमच्या दर्ग्यातले मखदूम अली माहिमी हे कुराणाचे मोठे भाष्यकार होते. आपल्याला त्यांच्या उरुसात पोलिसांच्या चादरीचा मान असतो तेवढं माहीत.

आणि कायद्याचं म्हणाल तर, शाळेत धर्म नको म्हणणाऱ्यांनी घटनेचं अठ्ठाविसावं कलम नीट वाचावं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, म्हणजे पूजापाठ आणि पंथाची शिकवण. धर्मांविषयीची माहिती देण्याला त्याची आडकाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केलं. त्या निकालाला आधार होता १९९९च्या संसदीय समितीच्या अहवालाचा, आणि त्या समितीचे अध्यक्ष होते आपले शंकरराव चव्हाण. सगळ्या धर्मांची मूलतत्त्वं मुलांना कळली पाहिजेत, असं त्या अहवालात होतं. ही काही मी विमानातून आणलेली कल्पना नाही.

हे शेवटचं वाक्य मी भावाला जरा जोरातच सुनावलं, कारण तो म्हणाला होता, "तू तिकडे राहून इथल्या शाळांचं ठरवू नकोस." ते मला लागलं. माझ्याकडे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे, मुंबईत मत नाही. आई गेल्यानंतर दादरची जागा त्याच्या नावावर झाली, तशी मीच सही केली. मला तिथं बोलायचा हक्क कुठून येतो, हे मी अनेक रात्री स्वतःला विचारलं आहे. लेस्टरमध्ये मी 'हिंदू पालक' आहे, वर्गात बोलावतात तेव्हा शंभर कोटी माणसांच्या वतीनं बोलते. मुंबईत मी कधीच हिंदू म्हणून उभी राहिले नव्हते, मी त्या मजल्यावरची मुलगी होते. धर्म शब्दांत मांडायची वेळ माझ्यावर घर सुटल्यावर आली. कदाचित म्हणूनच मी इतकी हट्टाला पेटले आहे. माझ्या भाच्याला त्यासाठी घर सोडावं लागू नये. त्याच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलानं त्याला विचारावं, आणि त्याला उत्तर देता यावं, हे मला हवं आहे, आणि हे हवं असायला माझा पत्ता कुठला आहे याची गरज नाही.

पालकसभा पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी इथं हाफ टर्म, म्हणजे शाळांची मधली छोटी सुट्टी, सुरू असेल, तरी माझं जाणं होणार नाही. मी भावाला एक पानभर टिपण पाठवलं आहे: आठ धर्म, प्रत्येकाला मुंबईतली एक जागा, आणि प्रत्येक वेळी त्या धर्माच्या एका पालकानं वर्गात येऊन प्रश्न घ्यायचे. भावानं ते वाचलं आहे, निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. वहिनीनं मात्र आज सकाळी मेसेज केला. मशीद बंदरच्या सिनेगॉगमध्ये वर्गाला न्यायचं तर परवानगी कुणाकडे मागायची, आणि शनिवार सोडून कुठला वार बरा, असं तिनं विचारलंय.